भावनिक लवचीकता : सकारात्मक भावना आणि त्रासदायक नात्यांतील मर्यादा
(विशेष संदर्भ : भंडारा जिल्ह्यातील ग्रामजीवन)

प्रस्तावना

मनाचे स्वास्थ्य कशामुळे ढळते, असा प्रश्न केला असता आजार, अपघात, नापिकी, बेरोजगारी अशी उत्तरे सहसा मिळतात. ती चुकीची नाहीत. तथापि मोठे आघात आयुष्यात मोजकेच येतात आणि ते आले की माणसे धावूनही येतात. रोजच्या सहवासातील एखाद्या व्यक्तीचे टोचून बोलणे, सततचा संशय, दारूच्या नशेतील आरडाओरड किंवा कार्यालयातील वरिष्ठाचा अकारण उपहास यांची गोष्ट वेगळी आहे. अशा त्रासाची कोठे नोंद होत नाही, त्यासाठी कोणी भेटायला येत नाही आणि तो सांगायला गेल्यास ‘एवढेसे मनावर घेऊ नये’ असा उपदेश मिळतो. मनाची झीज मात्र दिवसागणिक होत राहते.

भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात या प्रश्नाला एक विशेष परिमाण आहे. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यानंतर भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी व लाखांदूर अशा सात तालुक्यांचा हा जिल्हा उरला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या १२ लाखांच्या आसपास असून त्यांपैकी सुमारे ८० टक्के लोक खेड्यांत राहत होते. वैनगंगेच्या खोऱ्यातील या भागाचे मुख्य पीक धान होय. धानाची शेती एकट्याने होत नाही. वरच्या बांधीतले पाणी खालच्या बांधीत उतरते, रोवणीला दहा हात लागतात, तलावाचे पाणी सगळ्यांचे असते. ज्याच्याशी पटत नाही त्याच्याच धुऱ्यावरून शेतात जावे लागते. ‘त्रासदायक माणसांना आयुष्यातून वजा करा’ हा आजकाल सर्रास दिला जाणारा सल्ला येथे निरुपयोगी ठरतो तो यामुळेच.

नाते तोडता येत नाही आणि ते आहे त्या स्थितीत सोसवतही नाही, अशा अवस्थेत माणसाने मन कसे सांभाळावे? आनंद, कृतज्ञता, जिव्हाळा यांसारख्या सकारात्मक भावना आणि नात्यातील निरोगी मर्यादा यांच्या साहाय्याने या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

भावनिक लवचीकता : संकल्पना आणि एक गैरसमज

आघातानंतर किंवा दीर्घकाळच्या ताणानंतरही व्यक्तीने पुन्हा समतोल अवस्थेत येणे, आपली कामे आणि नाती सांभाळू शकणे, या क्षमतेस भावनिक लवचीकता असे म्हणतात. काही अभ्यासक ‘कणखरता’ हा शब्द वापरतात. परंतु त्यात न वाकण्याचा अर्थ येतो. येथे अभिप्रेत आहे ते वाकणे आणि पुन्हा उभे राहणे.

या विषयाच्या अभ्यासाला भक्कम पाया मिळाला तो हवाई बेटांपैकी काउआई या बेटावर. १९५५ साली तेथे जन्मलेल्या ६९८ बालकांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी जन्मापासून प्रौढ वयापर्यंत मागोवा घेतला. त्यांपैकी अनेक मुले दारिद्र्य, आईवडिलांचे व्यसन वा मानसिक आजार, घरातील कलह अशा अनेक प्रतिकूल गोष्टी एकाच वेळी भोगत होती. अशा मुलांचे पुढे वाकडेच होणार, असा तोवरचा समज होता. प्रत्यक्षात त्यांच्यापैकी सुमारे एक तृतीयांश मुले जबाबदार, कर्तबगार आणि प्रेमळ प्रौढ झाली. या मुलांकडे काही अलौकिक शक्ती नव्हती. त्यांच्या आयुष्यात आजी, शेजारीण, शिक्षक असे एखादे तरी माणूस होते, ज्याचा जिव्हाळा त्यांना विनाअट मिळाला होता. अ‍ॅन मास्टन यांनी २००१ मध्ये या सर्व संशोधनाचा आढावा घेताना लवचीकता ही सामान्य माणसाच्या सामान्य साधनांतूनच घडते असे प्रतिपादन केले. लवचीकता म्हणजे जन्मजात देणगी, हा समज त्यामुळे मागे पडला.

मराठी समाजात मात्र या संकल्पनेभोवती आणखी एक गैरसमज आहे आणि तो अधिक घातक आहे. आपल्याकडे ‘सोशिक’ हे विशेषण स्तुतीचे आहे, त्यातही स्त्रीच्या बाबतीत ते सर्वोच्च स्तुतीचे मानले जाते. ‘फार सोसले हो बाईने, पण कधी तोंडातून शब्द काढला नाही’ असे मृत्यूनंतर म्हटले जाते आणि त्यातच तिच्या आयुष्याची सार्थकता मानली जाते. परंतु सोशिकता म्हणजे लवचीकता नव्हे. सोशिक माणूस आघात आत साठवतो. लवचीक माणूस त्यातून सावरतो आणि शक्य तेथे त्या आघाताचे कारणही दूर करतो. बाहेरून दोघेही शांत दिसू शकतात. फरक त्यांच्या झोपेत, पोटाच्या तक्रारींत आणि लेकरांवर निघणाऱ्या रागात दिसतो. हा भेद लक्षात न घेता लवचीकतेचा उपदेश केला तर तो सोसण्याचाच नवा उपदेश होतो, हे येथे स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे.

सकारात्मक भावनांचे कार्य

भीती, राग, दुःख या भावनांचा उपयोग सहज ध्यानात येतो. साप दिसला की भीती वाटते आणि माणूस मागे सरकतो. आनंद, कुतूहल, समाधान यांचा जगण्यासाठी काय उपयोग, हा प्रश्न मानसशास्त्रात दीर्घकाळ बाजूला पडला होता. बार्बरा फ्रेडरिक्सन यांनी १९९८ मध्ये आणि अधिक विस्ताराने २००१ मध्ये मांडलेल्या सिद्धांतात त्याचे उत्तर सापडते. नकारात्मक भावना लक्ष एका बिंदूवर आवळून धरतात, तर सकारात्मक भावना लक्षाचा आणि विचाराचा परीघ रुंदावतात. या रुंदावलेल्या अवस्थेत माणूस नवे काही शिकतो, कोणाशी तरी जोडला जातो, एखादी युक्ती शोधतो. भावना काही वेळाने ओसरते. तिच्या काळात जोडलेले माणूस आणि कमावलेले कौशल्य मात्र मागे उरते आणि पुढच्या संकटात उपयोगी पडते.

त्यांच्या आणखी एका प्रयोगाचा उल्लेख येथे करावा लागेल. सहभागी व्यक्तींना अगदी थोड्या वेळात भाषण तयार करण्यास सांगून त्यांच्यावर ताण आणला गेला. हृदयाची गती आणि रक्तदाब वाढल्यावर त्यांना वेगवेगळ्या चित्रफिती दाखवण्यात आल्या. काहींना समुद्राच्या लाटा वा खेळकर पिल्लू, काहींना भावशून्य दृश्ये, तर काहींना दुःखद प्रसंग दाखवला. सुखद चित्रफीत पाहणाऱ्यांचे शरीर सर्वांत लवकर पूर्वपदावर आले. ताण सर्वांनाच आला होता; परतीचा वेळ मात्र वेगळा होता. ११ सप्टेंबर २००१ च्या अमेरिकेतील हल्ल्यांनंतर याच संशोधकांनी पूर्वी अभ्यासलेल्या विद्यार्थ्यांची पुन्हा पाहणी केली. लवचीक विद्यार्थ्यांनाही दुःख, राग आणि भीती वाटतच होती. परंतु त्याच काळात त्यांना जवळच्यांविषयी प्रेम, जिवंत असण्याविषयी कृतज्ञता, घडते आहे ते समजून घेण्याची उत्सुकताही वाटत होती आणि नैराश्यापासून त्यांना वाचवण्यात याच भावनांचा वाटा मोठा होता. सकारात्मक भावना दुःखाची जागा घेत नाहीत, त्या दुःखाशेजारी बसतात, एवढेच यातून सिद्ध होते आणि तेवढे पुरेसे आहे.

याच विषयातील एका चुकीचीही नोंद घेतली पाहिजे. २००५ मध्ये फ्रेडरिक्सन आणि मार्सिअल लोसादा यांनी सकारात्मक व नकारात्मक भावनांचे एक निश्चित गणिती गुणोत्तर, सुमारे २.९, मांडले आणि ते ओलांडले की माणूस बहरतो असे म्हटले. २०१३ मध्ये निकोलस ब्राउन, अ‍ॅलन सोकल आणि हॅरिस फ्रीडमन यांनी त्यामागील गणित निराधार असल्याचे दाखवून दिले आणि तो गणिती भाग मागे घेण्यात आला. तरीही ‘एका वाईट अनुभवामागे तीन चांगले अनुभव हवेत’ असा हिशेब व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांतून ऐकू येतो. मनाची वही अशी जमाखर्चाने चालत नाही.

हे विवेचन परदेशी प्रयोगांचे झाले. त्यातील आशय मराठी जीवनाला अपरिचित आहे असे मात्र नाही. जात्यावरच्या ओव्या हे त्याचे ठळक उदाहरण होय. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्यांचे संकलन झाले. त्यांत सासुरवासाची, नवऱ्याच्या वागण्याची, एकटेपणाची तक्रार उघडपणे आहे आणि त्याच गळ्यातून आई, भाऊ, लेकरू, गावची वेस, विठ्ठल यांविषयीची माया आहे. पहाटेच्या अंधारात दोघी समोरासमोर बसून दळत आणि जे दिवसा बोलता येत नसे ते गात. दुःख बोलून दाखवणे, जिव्हाळ्याच्या माणसाचे स्मरण आणि सोबतीणीचा आवाज या तिन्ही गोष्टी एकाच वेळी घडत. पिठाच्या गिरण्या आल्या, कष्ट कमी झाले, ते योग्यच झाले. पण त्यासोबत ती जागाही गेली. तिच्या जागी दुसरे काय आले, याचा विचार फारसा झालेला नाही.

भंडारा आणि एकूणच झाडीपट्टीत अशी एक जागा अजून टिकून आहे, ती मंडईची. दिवाळीनंतर, भाऊबीजेपासून पुढे, गावोगावी मंडई भरते. लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात, दुकाने लागतात, सोयरिकीच्या गोष्टी निघतात आणि रात्री दंडार किंवा झाडीपट्टीचे नाटक होते. नाटकात रडायचे तेथे बाया मनसोक्त रडतात आणि विनोदी पात्र आले की तेवढ्याच मनमोकळेपणाने हसतात. खर्चाच्या आणि व्यसनाच्या अंगाने मंडईवर टीका होते आणि ती अनाठायी नाही. परंतु वर्षभर एका घराच्या चार भिंतींत त्रास सहन करणाऱ्या स्त्रीला आपल्या बाजूची माणसे पुन्हा एकदा भेटण्याचा हा हक्काचा प्रसंग असतो, हे टीकाकारांनी विसरू नये. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) रुजवलेली सामुदायिक प्रार्थना विदर्भातील अनेक गावांत सायंकाळी होते. बचत गटाची मासिक बैठक, रोवणीच्या रांगेतील थट्टामस्करी, शाळेतल्या जुन्या मैत्रिणीचा दूरध्वनी, परसातली वेल हेही त्याच मालिकेतले. सकारात्मक भावना म्हणजे आरशासमोर उभे राहून ‘मी आनंदी आहे’ असे म्हणणे नव्हे. अशा प्रसंगांना वेळ देणे आणि ते घडत असताना मनाने तेथे असणे, एवढाच त्याचा व्यवहार्य अर्थ आहे.

निरोगी मर्यादा : अर्थ आणि व्यवहार

‘मर्यादा’ हा शब्द मराठीत बहुधा दुसऱ्याने पाळायच्या गोष्टीसाठी वापरला जातो. ‘त्याने मर्यादेत राहावे’ असे आपण म्हणतो. मानसशास्त्रीय अर्थ याहून वेगळा आहे. मर्यादा म्हणजे आपण काय करू आणि काय करणार नाही, याविषयी व्यक्तीने स्वतः घेतलेला आणि समोरच्याला सांगितलेला निर्णय. ‘तू दारू पिऊ नकोस’ ही विनंती झाली. ‘तू पिऊन आलास तर त्या रात्री मी तुझ्याशी पैशांविषयी बोलणार नाही’ ही मर्यादा झाली. पहिली गोष्ट त्याच्या हातात आहे, दुसरी तिच्या.

मराठी समाजात हा विचार प्रत्यक्ष व्यवहारात आणण्याचे महत्त्वाचे काम व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात झाले. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा स्वतंत्र गट आहे. व्यसनी माणसाच्या घरात पत्नी अनेकदा नकळत त्याच्या व्यसनाचा भार वाहत असते. त्याच्या कार्यालयात ‘ताप आला आहे’ असे खोटे कळवणे, त्याची उधारी फेडणे, नातेवाइकांपासून लपवणे ही सारी कामे ती प्रेमापोटी किंवा अब्रूपोटी करते आणि त्याला परिणामांपासून वाचवते. हे थांबवणे म्हणजे नवऱ्याला सोडणे नव्हे, तर त्याच्या आजाराची जबाबदारी त्याला परत देणे होय. व्यसनी व्यक्तींच्या कुटुंबीयांसाठी १९५१ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘अल-अनॉन’ या चळवळीचाही हाच गाभा आहे : आपण हे व्यसन लावलेले नाही, आपण ते काबूत ठेवू शकत नाही, आपण ते बरे करू शकत नाही. हे एकदा मनाला पटले की अपराधभाव सुटतो आणि स्वतःच्या जेवणाखाणाकडे, मुलांच्या अभ्यासाकडे लक्ष देण्याइतकी उसंत मिळते.

अपराधभाव सुटणे हीच खरी कठीण पायरी आहे. तिच्यासाठी अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती उपयुक्त ठरते. भारतात ती रुजवण्यात मुंबईचे मानसशास्त्रज्ञ डॉ. किशोर फडके यांचा वाटा मोठा आहे. एलिस यांच्या मते माणसाचा तीव्र मनस्ताप समोरच्याच्या वागण्यातून सरळ निर्माण होत नाही. त्या वागण्याविषयी धरलेल्या हट्टातून तो वाढतो. ‘सासूबाईंनी माझे कौतुक केले तर बरे वाटेल’ ही इच्छा आहे. ‘त्यांनी कौतुक केलेच पाहिजे, नाहीतर माझे काहीच खरे नाही’ हा हट्ट आहे. इच्छा पूर्ण झाली नाही तर वाईट वाटते, हट्ट पूर्ण झाला नाही तर माणूस कोसळतो. मर्यादा आखताना याचा उलटा भागही तपासावा लागतो : ‘सर्वांनी मला चांगलेच म्हटले पाहिजे’ हा हट्ट सोडल्याशिवाय कोणाला नकार देता येत नाही.

आता हा विचार भंडाऱ्यातील दोन प्रातिनिधिक प्रसंगांना लावून पाहता येईल. पहिला प्रसंग धुऱ्याचा. दोन चुलतभावांच्या बांध्या लागून आहेत. थोरला दरवर्षी नांगरणीच्या वेळी धुरा थोडा थोडा कोरतो असा धाकट्याचा अनुभव आहे. धाकटा दरवर्षी भांडतो, संध्याकाळी दोघांचे दारात उणेदुणे निघते, घरातल्या बायांचे बोलणे बंद होते आणि पुढच्या वर्षी धुरा पुन्हा कोरला जातो. येथे रोजचे भांडण म्हणजे मर्यादा नव्हे, तो केवळ निचरा आहे. मर्यादा आखायची तर ती कृतीची असावी लागते. मोजणीसाठी भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करणे, विषय पंचांसमोर ठेवणे आणि तोवर ‘दादा, धुऱ्याचे मोजणीत बघू, घरी या विषयावर बोलायचे नाही’ असे एकदाच, शांतपणे सांगणे, ही ती कृती. १५ ऑगस्ट २००७ पासून राज्यात राबवलेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेची कल्पनाही अशीच होती : दोघांत न सुटणारा वाद तिसऱ्यासमोर, गावातच, ठरलेल्या रीतीने मांडायचा. समितीतील तिसरा नेहमीच निःपक्ष असतो असे नाही, हेही गावाला ठाऊक असते. तरीही विषय घरातून बाहेर गेला की घरातले जेवण शांतपणे होऊ लागते. याच काळात थोरल्याच्या बांधीतून येणारे पाणी आणि त्याच्या मुलीच्या लग्नातली मदत, हे व्यवहार चालू ठेवता येतात. वाद धुऱ्यापुरता ठेवणे, हाच मर्यादेचा लाभ.

दुसरा प्रसंग अधिक नाजूक आहे. नव्याने शिक्षिका वा परिचारिका म्हणून नोकरीस लागलेली सून संध्याकाळी घरी येते. आल्या आल्या सासूबाई दिवसभराच्या तक्रारींची यादी सुरू करतात, त्यात तिच्या माहेराचा उद्धार असतो. उलट उत्तर दिले तर रात्रभर अबोला, न दिले तर तिची स्वतःची झोप जाते. अशा ठिकाणी मर्यादा लहान, निश्चित आणि पुन्हा पुन्हा सांगता येण्याजोगी असावी. ‘आई, हातपाय धुऊन चहा घेते, मग पंधरा मिनिटे तुमच्याजवळ बसते’ असे म्हणणे आणि खरोखरच बसणे, परंतु माहेराचा विषय निघाला की ‘माझ्या आईबाबांविषयी मी बोलणार नाही’ एवढेच म्हणून उठून कामाला लागणे. पहिल्या आठवड्यात याचा परिणाम उलटाच होतो. आरडाओरड वाढते, कारण जुनी रीत मोडली जात आहे. येथेच बहुतेक जणी माघार घेतात आणि ‘मर्यादा वगैरे पुस्तकात ठीक’ असा निष्कर्ष काढतात. वास्तविक हा वाढलेला विरोध अपेक्षितच असतो आणि मर्यादा बदलली नाही तर तो बहुधा ओसरू लागतो. नवऱ्याची साथ असेल तर काम सोपे होते. ती नसेल तर निदान त्याला मध्यस्थाचे काम न सोपवणे शहाणपणाचे, कारण दोन्हीकडचे निरोप वाहणारा माणूस दोन्हीकडे अप्रिय होतो.

सासूबाईंच्या बाजूनेही येथे एक शब्द लिहिला पाहिजे. दिवसभर रिकाम्या घरात एकटी असणारी, कधीकाळी स्वतः सोशिक म्हणून वाखाणली गेलेली ही स्त्री संध्याकाळची वाट पाहत असते. तिच्या तक्रारीत बोलण्याची भूक असते. ती पंधरा मिनिटे खरी असली तर मर्यादेचा अर्धा कडवटपणा तेथेच निघून जातो.

दोहोंचा परस्परसंबंध

सकारात्मक भावना आणि मर्यादा हे दोन वेगळे उपाय म्हणून सांगितले जातात. व्यवहारात एक दुसऱ्याशिवाय टिकत नाही. जिव्हाळ्याची माणसे, हसण्याचे प्रसंग, स्वतःचा असा अर्धा तास यांपैकी काहीच नसेल तर मर्यादा आखण्याचे बळ येणार कोठून? थकलेला माणूस नकार देत नाही, तो एक तर निमूट मान डोलावतो किंवा स्फोट करतो. उलटपक्षी मर्यादा नसतील तर आनंदाचे प्रसंग टिकत नाहीत. मंडईला माहेरी जायची तयारी झालेली असताना शेवटच्या क्षणी कोणाच्या तरी रुसव्याने ते रद्द होते आणि हे दरवर्षी घडते. तेथे आनंदी राहण्याचा उपदेश करणे निरर्थक आहे. जाण्याची तारीख आधीच ठरवून, सर्वांना सांगून, ती पाळणे हे अधिक उपयोगाचे.

हा संबंध भंडाऱ्याच्या वाचकाला तलावाच्या उदाहरणाने लवकर समजेल. या जिल्ह्यातील शेकडो जुने तलाव, विशेषतः कोहळी समाजाने बांधलेले, मातीच्या पाळीवर उभे आहेत. पाळ नसेल तर पावसाचे पाणी वाहून जाते आणि धानाला उपयोग होत नाही. परंतु नुसती पाळ उंच करत गेले तर पहिल्याच मोठ्या पुरात ती फुटते. म्हणून जुन्या कारागिरांनी सांडवा ठेवला, पाणी सोडण्याची वाट ठेवली. नात्यातील मर्यादेलाही अशी वाट लागते : कोणत्या विषयावर, कोणत्या वेळी, किती वेळ बोलता येईल, हे मोकळे ठेवावे लागते. सर्व बाजूंनी बंद केलेली मर्यादा म्हणजे अबोला, आणि अबोला हा आपल्या घरांतील सर्वांत जुना आणि सर्वांत निष्फळ उपाय आहे.

जेथे मर्यादेचा उपदेश अपुरा पडतो

वरील सर्व विवेचन त्रासदायक माणसांविषयी आहे, अत्याचारी माणसांविषयी नाही. हा भेद पुसला गेला तर मानसशास्त्र अन्यायाचे साधन बनते. मार खाणाऱ्या स्त्रीला ‘सकारात्मक विचार कर, शांतपणे मर्यादा सांग’ असे म्हणणे हा तिच्यावरील दुसरा आघात होय. तेथे मर्यादा शब्दांनी आखायची नसून कायद्याने आखायची असते. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. त्यात शारीरिक हिंसेबरोबरच अपमान, टोमणे, मूल किंवा मुलगा न होण्यावरून केलेला छळ आणि आर्थिक कोंडी यांचाही हिंसेच्या व्याख्येत समावेश आहे. घरात राहण्याचा हक्क, संरक्षणाचा आदेश यांसाठी संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येते. नोकरीच्या ठिकाणी लैंगिक स्वरूपाचा त्रास असेल तर २०१३ च्या अधिनियमानुसार अंतर्गत समितीकडे आणि दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या ठिकाणी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते.

जातीच्या उतरंडीतही वैयक्तिक मर्यादेची भाषा अपुरी पडते, हे भंडारा जिल्ह्याने पाहिले आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी मोहाडी तालुक्यातील खैरलांजी येथे भोतमांगे कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे अशा चौघांची जमावाने हत्या केली. या कुटुंबाच्या शेतजमिनीवरून गावात वाद होता आणि सुरेखा भोतमांगे यांनी एका मारहाणीच्या प्रकरणात साक्ष देण्याचे धैर्य दाखवले होते. आपल्या जमिनीवर ठाम राहणे आणि खरे ते सांगणे, यापलीकडे निरोगी मर्यादेची दुसरी व्याख्या करता येणार नाही. तरीही ती त्यांना वाचवू शकली नाही, कारण मागे उभे राहणारे गाव आणि वेळेवर पोहोचणारी यंत्रणा नव्हती. काउआईच्या मुलांना जसे एक तरी भक्कम माणूस लागले, तसे प्रत्येक मर्यादेला पाठीशी कोणीतरी लागते. व्यक्तीच्या मनोबलाचा विचार करताना हे ‘कोणीतरी’ गृहीत धरले जाते. ते असतेच असे नाही.

महाविद्यालयीन स्तरावरील काही व्यावहारिक बाबी

जिल्ह्यातील महाविद्यालयांत खेड्यांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांचे प्रमाण मोठे आहे. वडिलांचे व्यसन, भावकीतील वाद, लग्नाचा दबाव, परीक्षेतील अपयश असे प्रश्न घेऊन ते वर्गात बसलेले असतात. प्राध्यापकाने समुपदेशक व्हावे अशी अपेक्षा नाही. परंतु एखादा विद्यार्थी सतत गैरहजर राहू लागला, पूर्वी बोलका असून गप्प झाला, तर त्याला एकट्याला बोलावून ‘घरी सर्व ठीक आहे ना’ एवढे विचारणे प्रत्येकाला शक्य आहे. ते विचारणारा माणूसच पुष्कळदा त्याचे ते एकमेव भक्कम माणूस असतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत मोजणीचा अर्ज कसा करायचा, संरक्षण अधिकारी कोठे बसतात, याची माहिती देणेही मनःस्वास्थ्याचेच काम आहे, जरी ते तसे दिसत नसले तरी.

केंद्र शासनाची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही, प्रशिक्षित समुपदेशकाशी विनामूल्य बोलता येते. महिलांसाठी १८१ हा मदत क्रमांक आहे. हे क्रमांक फलकावर लिहून ठेवणे सोपे आहे. अडचण निराळीच आहे. पुष्कळ घरांत भ्रमणध्वनी एकच असतो, तो वडिलांच्या किंवा भावाच्या खिशात असतो आणि घरात एकांताची खोली नसते. ज्या माणसाविषयी बोलायचे, तोच शेजारी बसलेला असतो. म्हणून महाविद्यालयाच्या ग्रंथालयाशेजारी किंवा विद्यार्थिनी कक्षात दार लावून अर्धा तास बोलता येईल अशी एक खोली आणि तेथे एक दूरध्वनी ठेवणे, त्याच्या वापराची नोंदवही न ठेवणे, हा कमी खर्चाचा उपाय कोणत्याही महाविद्यालयाला पुढील सत्रापासून करता येण्याजोगा आहे.